अधांतरी नळी

पन्नास मीटर रायफल स्पर्धेच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. त्यावर झाडायची गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची. गोळीची कड त्या वर्तुळाला नुसती चाटून गेली तरी दहा गुण पदरात पडतात. म्हणजे गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला की काम झालं. आता दुसरा हिशेब मांडू. नळीची दिशा एका अंशाच्या शंभराव्या हिश्श्याएवढी ढळली, तर पन्नास मीटरवर गोळी ८.७ मिलिमीटर बाजूला जाते. दहाचे नऊ होतात. पासष्ट सेंटिमीटर लांबीच्या नळीचं तोंड त्यासाठी किती सरकावं लागतं? जेमतेम ०.११ मिलिमीटर. वहीचा एक कागद साधारण तेवढाच जाड असतो.

एका गुणाची किंमत किती, ते ३१ जुलै २०२४ रोजी दिसलं. पॅरिस ऑलिंपिकच्या नेमबाजी स्पर्धा शातोरूच्या रेंजवर भरल्या होत्या. पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या पात्रता फेरीत कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५९० गुण केले आणि सातव्या क्रमांकाने अंतिम फेरी गाठली. मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्याच्या ऐश्वर्य प्रताप सिंह तोमरचे गुण झाले ५८९. तो अकरावा आला आणि बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी स्वप्नीलने ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेतलं. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

पदक मिळवतो तो माणूस. त्याचा श्वास, त्याची नजर, चापावरचं बोट. पण माणूस अचूक असला तरी कागदाच्या जाडीएवढा घोटाळा त्याच्या हातातली रायफल स्वतःच करू शकते. तो होऊ नये म्हणून बंदूक बनवणाऱ्यांनी जी युक्ती काढली, ती या प्रकरणाचा विषय आहे. युक्ती सांगायला अगदी सोपी: नळीला मागच्या टोकाशी घट्ट धरा आणि पुढे तिला कशाचाही स्पर्श होऊ देऊ नका. नळीखाली जो लाकडाचा किंवा धातूचा भाग आपण हातात धरतो, त्याला फोरएंड म्हणतात. त्याने हाताची सेवा करावी, नळीच्या वाटेला जाऊ नये. एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या, म्हणजे एकबारी बंदुकांत ही सोपी गोष्ट फार अवघड होऊन बसते. ती का, ते पुढे पाहू.

बार उडतो तेव्हा

चाप ओढला की फायरिंग पिन सुटते आणि काडतुसाच्या बुडावर आदळते. दारू पेटते, वायूचा दाब वाढतो आणि गोळी नळीतल्या पिळाच्या चऱ्यांत घुसून फिरत फिरत पुढे निघते. स्पर्धेचं .२२ काडतूस मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा कमी वेगाचं ठेवतात. सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर. नळीतून बाहेर पडायला या गोळीला सेकंदाचे अडीच-तीन सहस्रांश लागतात. माणसाच्या दृष्टीने हा क्षणही नव्हे, पण पोलादाच्या दृष्टीने भरपूर वेळ आहे.

एवढ्या वेळात नळी स्वस्थ नसते. पिनेचा आघात, वायूचा दाब, चऱ्यांशी झगडणारी गोळी आणि मागे सरकू लागलेली बंदूक या सगळ्यांनी मिळून नळीला हलवलेलं असतं. एका टोकाला घट्ट रोवलेली कुठलीही सळई ठोकली तर थरथरते, तशीच ही थरथर. नळीचं तोंड वर-खाली डोलत असतं आणि त्या डोलण्याच्या मधल्याच कुठल्यातरी क्षणी गोळी सुटते.

यावर नळी थरथरूच नये असा उपाय करावासा वाटतो. जाड नळी कमी थरथरते हे खरं आहे, आणि स्पर्धेच्या नळ्या जाडजूड असतात त्या यासाठीच. पण थरथर पुरती थांबवता येत नाही, आणि थांबवायची गरजही नसते. गोळी सुटताना नळीचं तोंड दर वेळी त्याच जागी, त्याच दिशेने असलं की झालं. मग त्या दिशेप्रमाणे साइट जुळवून घेता येते. अचूकतेचं सगळं मर्म या ‘दर वेळी तेच’ मध्ये आहे.

देवळातली घंटा मोकळी टांगलेली असते तोवर प्रत्येक टोल्याला तोच नाद देते. तिला तळहात लावून टोला दिला तर आवाज बदलतो, आणि हात कुठे नि किती जोरात लावला त्यावर तो दर वेळी निराळा निघतो. नळीचं असंच आहे. फोरएंड तिला कुठेतरी टेकला की थरथरीचा आकार बदलतो. तो टेकू दर बाराला तंतोतंत सारखा राहिला तर एक वेळ चालेल. पण तो तसा राहत नाही, आणि त्याला तीन कारणं आहेत.

पहिलं कारण हात आणि पट्टा. पोटावर झोपून नेम धरताना नेमबाजाच्या दंडाला पट्टा बांधलेला असतो आणि त्याचं दुसरं टोक फोरएंडखालच्या पट्टीत अडकवलेलं असतं. रायफलचा भार या पट्ट्यावर तोलला जातो. स्पर्धेची रायफल आठ किलोपर्यंत भरू शकते, तेव्हा पट्ट्याचा ताण काही थोडाथोडका नसतो. फोरएंड नळीला जखडलेला असेल तर हा ताण थेट नळीला वाकवतो. एका गोळीला पट्टा थोडा ढिला, दुसरीला थोडा तंग, की दोन गोळ्या दोन ठिकाणी.

दुसरं कारण उष्णता. पोलाद तापलं की लांबतं. पासष्ट सेंटिमीटरची नळी पन्नास अंशांनी तापली तर सुमारे ०.४ मिलिमीटर वाढते. .२२ मध्ये दारूच कमी असल्याने नळी फार तापत नाही, पण मोठ्या काडतुसांच्या शिकारी रायफलीत पाच-सात बारांतच ती हाताला चटका देते. लाकूड काही तिच्याबरोबर लांबत नाही. नळी मागे अॅक्शनमध्ये, म्हणजे काडतूस बंद करून उडवणाऱ्या यंत्रणेत, आणि पुढे फोरएंडच्या स्क्रूत अशी दोन्ही टोकांना अडकलेली असली, तर वाढलेली लांबी जायची कुठे? ती बाक घेते. गोळ्या हळूहळू वर किंवा खाली चढत जातात आणि नेमबाज बिचारा आपल्याच श्वासाला दोष देतो.

तिसरं कारण लाकूड. राधानगरीच्या पावसात घराचं दार चौकटीत अडकतं, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. अक्रोडाचा दस्ताही त्याच जातीचा. हवेतला ओलावा शोषला की लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, वाळलं की आकसतं, आणि कधीकधी पिळही घेतं. मार्चमध्ये नळीपासून केसभर दूर असलेला फोरएंड जुलैत तिला एका बाजूने रेटू लागतो. बंदुकीत कुणी काही बदललेलं नसतं. बदललेला असतो तो ऋतू.

बांधलेल्या नळ्या

बंदूक जन्माला आली तेव्हा नळी मोकळी सोडण्याचा विचार कुणाच्या स्वप्नातही नव्हता.   उदाहरण म्हणून माळवा घ्या. उज्जैन ही १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी होती. त्या काळात या मुलखात फिरणाऱ्या फौजांच्या खांद्यावर असायची ती मुख्यतः तोड्याची बंदूक. तिची लांबलचक, जड नळी सडपातळ दस्त्यावर ठेवून चामड्याच्या वाद्यांनी किंवा लोखंडी कड्यांनी आवळलेली असे. सैल झाली की पुन्हा आवळायची. गुळगुळीत नळी आणि तिच्या भोकापेक्षा लहान गोळी असा कारभार असल्याने नळीच्या थरथरीने होणारा फरक त्या मोठ्या चुकीत कुठल्या कुठे बुडून जाई. घोड्यावर, उन्हापावसात, धक्काबुक्कीत नळी दस्त्यावरून निसटू नये, एवढीच मागणी होती आणि ती वाद्यांनी भागत होती.

पुढे महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय सेनानीकडून कवायती पलटणी उभ्या करवल्या. त्यांच्या हाती चकमकीच्या बंदुका आल्या. युरोपात त्या बांधायच्या दोन तऱ्हा होत्या. इंग्रजी ब्राउन बेसमध्ये नळीखालच्या कानांतून लाकडात आडव्या पिना ठोकलेल्या असत. फ्रेंच शार्लविलला नळी आणि दस्ता एकत्र आवळणारी तीन कडी होती. तऱ्हा वेगळ्या, पण हेतू तोच. टोकाला संगीन लावून जी बंदूक भाल्यासारखी चालवायची, तिची नळी अधांतरी ठेवून कसं चालेल?

१८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने मार्टिनी-हेन्री स्वीकारली. तिला पिळाच्या चऱ्या होत्या, धातूचं काडतूस होतं आणि बार एकच होता. आता बंदूक खरोखर लांबवर नेम धरू शकत होती, पण नळी अजून कड्यांनी लाकडाला बांधलेलीच होती. सलग बार काढले की ती इतकी तापे, की हात पोळू नये म्हणून सैनिक तिच्याभोवती कातडं गुंडाळत.

त्यानंतर आली आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशकं दिसलेली .३०३ ली-एनफिल्ड. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ती हजारोंनी बनली. तिचं लाकूड पार नळीच्या तोंडापर्यंत जातं. त्या टोकाजवळ लाकडात स्प्रिंगवर बसवलेला एक छोटा खुंट असतो आणि तो नळीला खालून वर रेटत राहतो. इथे प्रथमच बनवणाऱ्यांनी नळीच्या थरथरीची नीट दखल घेतलेली दिसते. नळीला स्पर्श तर होणारच, मग तो नेमका कुठे आणि किती जोराचा ते आपणच ठरवू, असा तो विचार होता. याच .३०३ पासून इशापूरने पोलीस आणि तुरुंगरक्षकांसाठी .४१० ची मस्केटही केली. नळीतल्या चऱ्या काढून ती गुळगुळीत केली, मॅगझीनमध्ये लाकडी ठोकळा बसवला आणि रायफलची पुन्हा एकबारी बंदूक झाली. पहाऱ्यावरच्या या बंदुकीला कुणी दहा मिलिमीटरचं वर्तुळ फोडायला सांगणार नव्हतं.

एक दस्ता, दोन दस्ते

आज स्वप्नील किंवा कोल्हापूरचीच नेमबाज तेजस्विनी सावंत ज्या प्रकारची रायफल वापरतात तीही एकबारीच आहे. पन्नास मीटरच्या स्पर्धेत प्रत्येक गोळी हाताने भरावी लागते, असा नियमच आहे. पण या रायफलीचा दस्ता मागपासून पुढपर्यंत सलग असतो. नळी अॅक्शनमध्ये बसवलेली, अॅक्शन दोन स्क्रूंनी दस्त्यात कसलेली, आणि तिथून पुढे नळी दस्त्याच्या खोबणीवर हवेत. सगळा ताण, पट्ट्याचा असो की हाताचा, दस्त्यातून अॅक्शनच्या बुडाशी जातो. नळीला त्याची खबरही लागत नाही. एका सलग दस्त्यात नळी मोकळी ठेवणं म्हणजे मुख्यतः खोबण पुरेशी रुंद ठेवणं.

खरी पंचाईत आहे ती दोन तुकड्यांच्या दस्त्यात. बऱ्याच एकबारी बंदुका मधून मोडतात, किंवा त्यांचा ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा, खाली सरकतो. मधे पोलादी चौकट येते. मागे दस्त्याचा एक तुकडा, पुढे फोरएंडचा वेगळा तुकडा, आणि पुढचा तुकडा अडकवायला समोर एकच वस्तू असते: नळी.

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घरोघरी दिसणारी बारा बोअरची एकनळी घ्या. बंदूक मोडून फोरएंड काढला की नळी बिजागरीतून सुटून हातात येते. फोरएंड जागेवर बसला की तोच नळीला बिजागरीवर दाबून धरतो. इथे तो हातासाठी आहेच, शिवाय बंदूक जोडून ठेवणारा भागही आहे. रानडुकरावर छर्रे उडवताना याने काही बिघडत नाही. छर्रा मुळातच पसरत जातो. पण याच घडणीची बंदूक रायफलच्या चऱ्या देऊन शंभर मीटरवर नेम धरायला घेतली, की फोरएंड नळीच्या मुळावर येतो.

१९६७ मध्ये अमेरिकेत दोन एकबारी शस्त्रं बाजारात गाजू लागली. दोन्हींनी हा प्रश्न दोन निराळ्या वाटांनी हाताळला. पहिलं, वॉरन सेंटरने रचलेलं थॉम्पसन-सेंटर कंटेंडर. हे मोडणारं एकबारी पिस्तूल. बिजागरीची पिन काढून एक नळी उतरवायची, दुसऱ्या काडतुसाची नळी चढवायची, असा त्याचा गुण. प्रत्येक नळीचा फोरएंड तिच्याच पोटाला स्क्रूंनी कसलेला. दुसरी रुगर नंबर वन रायफल. तिच्यात चौकटीतून पुढे नळीखाली एक पोलादी दांडी निघते. घोड्याची स्प्रिंगही याच दांडीवर सामावलेली असते आणि फोरएंड तिरक्या स्क्रूने या दांडीला कसला जातो. कल्पना उत्तम होती, कारण फोरएंडला नळीशिवाय दुसरा आधार मिळाला. पण लाकूड नळीला घासून बसवलेलं असल्याने स्पर्श काही सुटला नाही.

ही वाट त्याआधीच शेवटपर्यंत नेली होती ती इंग्लंडच्या बीएसए कंपनीने. त्यांच्या .२२ मार्टिनी रायफलींवर कित्येक वर्षं फोरएंड नळीलाच स्क्रूने लावलेला असे. १९६० च्या सुमाराला आलेल्या मार्टिनी इंटरनॅशनलच्या मार्क तीनमध्ये त्यांनी अॅक्शनला पुढे हलक्या मिश्रधातूची एक तुळई जोडली, फोरएंड त्या तुळईवर बसवला आणि नळी त्याच्यावर संपूर्ण अधांतरी ठेवली. घडण मार्टिनीचीच, एकोणिसाव्या शतकातली. पण हाताचा आणि पट्ट्याचा भार वाहायला आता एक वेगळा अवयव मिळाला होता. दोन तुकड्यांच्या दस्त्याला सलग दस्त्याचा फायदा द्यायचा तर हाच मार्ग.

कागदाची परीक्षा

नळी मोकळी आहे की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करायची, मग कागदाची एक पट्टी फोरएंडच्या पुढच्या टोकाकडून नळीखाली घालायची आणि दोन्ही बाजूंनी धरून मागे सरकवत न्यायची. जिथे ती अडेल तिथे स्पर्श आहे. सलग दस्त्याच्या रायफलीत ती अॅक्शनपर्यंत जायला हवी. फोरएंड नळीला स्क्रूने लावलेला असेल तर पट्टी त्या स्क्रूशी अडणारच. मग निदान त्याच्या पुढेमागे ती मोकळी फिरते का, ते पाहायचं.

एवढ्यावर हुरळून जाऊ नये. मेजावर ठेवलेल्या रायफलीत कागद सुळकन जातो, आणि तीच रायफल पट्टा ताणून धरली की पातळ फोरएंड लवून नळीला टेकतो. म्हणून परीक्षा नेम धरण्याच्या अवस्थेत, पट्टा लावून आणि खाली टेकू देऊन करायची. कागदाच्या जाडीएवढी फट परीक्षेपुरती चालते. प्रत्यक्षात ती त्याच्या कैक पट ठेवतात, कारण थरथरणारी नळीही डोलते आणि फटीत धूळ-कचराही बसतो.

दुसरी परीक्षा बोटांची. सलग दस्त्याच्या रायफलीत अंगठा नळीवर आणि तर्जनी फोरएंडच्या टोकावर, दोन्हींना एकदम स्पर्श होईल अशी ठेवायची आणि दुसऱ्याला अॅक्शनचा पुढचा स्क्रू हळूहळू ढिला नि घट्ट करायला सांगायचं. नळी आणि लाकूड यांच्यात हालचाल बोटाला जाणवली, तर अॅक्शन दस्त्यात नीट बसलेली नाही. स्क्रू आवळला की ती वाकते आहे. अशा वेळी पुढची फट कितीही वाढवली तरी व्यर्थ. आधी अॅक्शनची बैठक सपाट आणि पक्की करावी लागते. त्यासाठी कारागीर तिच्याखाली इपॉक्सीचा थर ओततात किंवा लाकडात धातूच्या नळकांड्या बसवतात, आणि स्क्रू दर वेळी सारखेच आवळले जावेत म्हणून टॉर्क पाना वापरतात. अधांतरी नळीचा अर्धा भाग असा न दिसणारा असतो: पुढे मोकळीक हवी तर मागची पकड पक्की लागते.

कंटेंडरसारख्या घडणीत फोरएंड नळीपासून पूर्ण सोडवता येत नाही. तिथे निम्मा उपाय करतात. नळीच्या पोटाला एक आखूड धातूची पट्टी कसायची, शक्य तितकी चौकटीजवळ, आणि फोरएंड या पट्टीवर टांगायचा. लाकूड नळीला कुठेच लागू द्यायचं नाही. नळीवर भार येतो, पण तो पुढच्या लवचीक भागावर येत नाही. मुळाशी, जिथे नळी सगळ्यात जाड आणि ताठ आहे, तिथे येतो. दोन स्क्रूंमध्ये नळी ताणली जाऊ नये म्हणून पुढच्या स्क्रूचं भोक किंचित लांबट ठेवतात. तापलेली नळी त्यात सरकू शकते. रुगरमध्ये फोरएंडच्या आतलं लाकूड खरवडून तो फक्त दांडीवर आणि चौकटीच्या तोंडावर टेकेल असा करतात. खरवडलेल्या लाकडाला आतून तेल किंवा वार्निश देणं विसरायचं नाही, नाहीतर उघडं पडलेलं लाकूड पहिल्याच पावसाळ्यात पाणी पिऊन सगळी मेहनत धुवून टाकतं. भारतात हे काम परवानाधारक गनस्मिथकडेच सोपवावं हे उघड आहे.

पिस्तुलाची गोष्ट

पिस्तूल एका हाताने धरायचं शस्त्र. त्याला फोरएंड कशाला? पन्नास मीटरच्या फ्री पिस्तुलात हाताला त्याची गरजच नसते. सोव्हिएत तुला कारखान्याचं तोझ-३५ किंवा स्वित्झर्लंडचं हेमर्ली १५० पाहिलं, तर मूठ हाताभोवती लाकडी हातमोज्यासारखी गुंडाळलेली, आणि पुढे लांब सडपातळ नळी. एकच काडतूस, एकच बार. हेमर्लीत नळी मुळाशीच धरलेली, बाकी मोकळी. हात तिच्या आसपासही जात नाही. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत जितू रायने याच पन्नास मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण घेतलं होतं. २०१६ च्या रिओनंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून गेला.

कंटेंडरसारख्या एकबारी पिस्तुलाची जात निराळी. नळी दहा किंवा चौदा इंच, काडतूस कधीकधी रायफलचं, आणि नेम दोन्ही हातांनी किंवा वाळूच्या पिशवीवर टेकून. अमेरिकेत धातूच्या मेंढ्यांच्या आकृत्या दोनशे मीटरवरून पिस्तुलाने पाडण्याची स्पर्धा असते, तिथे ही पिस्तुलं चमकली. इथे फोरएंड लागतो, आणि नेमका तोच पिशवीवर टेकतो. पिस्तूल हलकं, झटका मोठा. बार होताच ते पिशवीवरून उसळतं. फोरएंड पुढच्या टोकाशी टेकला होता की मुळाशी, यावर ते किती आणि कसं उसळेल ते ठरतं. म्हणून असे नेमबाज पिशवी दर वेळी त्याच खुणेवर येईल याची रायफलवाल्यांपेक्षाही जास्त काळजी घेतात. नळी मोकळी केली तरी बाकीची शिस्त सुटत नाही.

मोकळी सोडली की झालं?

दुकानात आणि क्लबात ‘फ्लोटेड बॅरल’ हे शब्द मंत्रासारखे म्हटले जातात. मंत्र सगळीकडे चालत नाही. काही पातळ नळ्या पूर्ण मोकळ्या केल्या की आधीपेक्षा वाईट मारतात; टोकाशी खालून थोडा दाब दिला की सुधारतात. रुगर नंबर वनचे जाणकार म्हणूनच दोन गटांत विभागलेले आहेत. एक गट फोरएंड पुरता सोडवतो. दुसरा पोलादी दांडीच्या टोकाला बारीक स्क्रू बसवून नळीला ठरावीक रेटा देतो आणि स्क्रू पाव-पाव आटा फिरवत गोळ्यांचा सगळ्यात लहान पुंजका कुठे पडतो ते शोधतो. ली-एनफिल्डचा स्प्रिंगवरचा खुंट हा त्यांचा पूर्वज. त्या रायफलीचा आणखी एक गुण जुन्या नेमबाजांना ठाऊक होता: हजार यार्डांसारख्या लांब पल्ल्यावर ती अपेक्षेपेक्षा चांगली मारायची. तिच्या अॅक्शनची लवचीकता अशी होती, की किंचित मंद गोळी उशिरा बाहेर पडे तेव्हा नळीचं तोंड थोडं वर आलेलं असे. मंद गोळी लांबवर जास्त खाली पडते, ती उणीव अशी आपोआप भरून निघे.

हेच तत्त्व आज .२२ च्या नळीच्या तोंडावर चढवलेल्या ट्यूनरमध्ये आहे. ट्यूनर म्हणजे पुढेमागे सरकवता येणारं छोटं वजन. ते फिरवून नळीचं डोलणं असं जमवतात, की गोळी सुटतानाची दिशा अनुकूल असेल. पण ट्यूनरला आधी नळी मोकळी लागते. दस्त्याच्या स्पर्शाने दर वेळी वेगळी थरथरणारी नळी जुळवणार कशी? दाबवाल्यांचा दाब असो की ट्यूनरचं वजन, दोन्ही मोजलेले आणि आपण ठरवलेले आहेत. फोरएंडचा आगंतुक स्पर्श मोजलेला नसतो, म्हणून तो शत्रू.

स्पर्धेचे नेमबाज काडतुसं निवडतात तीही याच भरवशावर. एकाच कंपनीच्या एकाच प्रकारच्या .२२ काडतुसांच्या निरनिराळ्या लॉटांतून आपल्या नळीला मानवणारा लॉट शोधायचा असतो. त्यासाठी दस्ता काढून नळी-अॅक्शन तेवढी पोलादी पकडीत घट्ट बसवतात आणि एकामागून एक लॉट झाडून पाहतात. त्या चाचणीत नळी अधांतरी असते. मग तीच नळी दस्त्यात चढवल्यावर कशाला टेकणार असेल, तर चाचणीत निवडलेल्या काडतुसांचा काय उपयोग?

कोल्हापूरचा धडा

८ ऑगस्ट २०१० रोजी म्युनिकमध्ये कोल्हापूरची तेजस्विनी सावंत पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून झाडण्याच्या प्रकारात, जगज्जेती झाली, तेव्हा साठ गोळ्यांत तिचे ५९७ गुण होते, विश्वविक्रमाची बरोबरी. साठ गोळ्यांत गेले ते फक्त तीन गुण. चौदा वर्षांनी शातोरूला स्वप्नीलने अंतिम फेरीच्या ४४ गोळ्यांत सरासरी १०.२६ गुण घेतले. अंतिम फेरीत दशांशात मोजणी होते आणि ०.१ गुण म्हणजे ०.८ मिलिमीटर. त्या हिशेबाने गुडघा टेकून, झोपून आणि उभं राहून, अशा तिन्ही अवस्थांत मिळून त्याच्या गोळ्या सरासरीने केंद्रापासून सहाएक मिलिमीटरच्या आसपास पडल्या. तिन्ही अवस्थांत पट्ट्याचा ताण निराळा, हाताची जागा निराळी, रायफलचा तोल निराळा. गुडघा टेकून बसताना आणि झोपताना पट्टा असतो. उभं राहून झाडताना तो वापरताच येत नाही. म्हणजे फोरएंडवर येणारा भार एकाच सामन्यात पार पालटतो. नळी त्याच्याशी बांधलेली असती तर अवस्था बदलताच गोळ्यांनी जागा बदलली असती, आणि नेमबाजाला नेमकी चूक कुणाची हे कळायलाही मार्ग राहिला नसता.

मोकळ्या नळीचं मोल इथे आहे. ती गोळी दहात नेत नाही. पण गोळी नवात गेली तर कारणांच्या यादीतून एक संशयित कायमचा कमी होतो. वारा, काडतूस, श्वास, बोट हे राहतातच. त्यांच्याशी झगडायला आयुष्य जातं. प्रशिक्षक शिष्याला ‘चाप झटकलास’ म्हणून सांगतो ते खरं आहे की रायफलच खोटं बोलते आहे, हा वाद तरी उरत नाही. एकबारी बंदूक घेणाऱ्याने, मग ती पन्नास मीटरची रायफल असो, मोडणारं पिस्तूल असो की आजोबांची मार्टिनी, पहिला प्रश्न हाच विचारावा: हाताचा भार कुठून कुठे जातो? तो नळीतून जात असेल तर आधी त्याला दुसरी वाट काढून द्यावी, आणि मगच आपल्या नेमाची परीक्षा घ्यावी.